बुटका खांब

“भोईटे, हा खांब बुटका का झालाय?” प्राचार्य खलाट्यांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं.

तक्ता मीच केला होता. पांढऱ्या कार्डशीटवर दोन रंगीत खांब. निळा खांब म्हणजे माझा वर्ग सुरू होण्याआधी पोरांनी दिलेली परीक्षा, आणि केशरी म्हणजे वर्ग संपल्यावर दिलेली तीच परीक्षा. जगात कुठेही कोणी काही शिकवलं की दुसरा खांब उंच होतो. माझा पहिल्याच्या खांद्यालासुद्धा लागत नव्हता.

“सर, मार्क थोडे कमी झालेत.”

“म्हणजे तुम्ही शिकवायच्या आधी पोरांना जास्त येत होतं?”

“आकड्यांवरून तसं दिसतंय.”

“मग शिकवलंत कशाला?”

मी तक्ता गुंडाळायला लागलो, तर सरांनी तो परत उलगडला आणि पुन्हा एकदा बघितला. मधल्या काळात केशरी खांब वाढला असेल अशी त्यांना आशा असावी.

त्या वेळी मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडे, एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात तात्पुरता ग्रंथपाल होतो. तात्पुरता म्हणजे दर जूनमध्ये संस्थेच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायचं आणि आणखी एका वर्षाची ऑर्डर घेऊन यायचं. ग्रंथालयशास्त्राची पदवी होती, पहिला वर्ग होता, आणि आपल्यासारखा ग्रंथपाल या कॉलेजला पुन्हा मिळायचा नाही अशी खात्री होती. ही खात्री माझ्याशिवाय आणखी कोणाला असल्याचं आठवत नाही.

बाहेरच्या देशांतल्या कॉलेजांत मुलांना माहिती कशी शोधायची, ती खरी की खोटी हे कसं पारखायचं, हे ग्रंथालयात रीतसर शिकवतात आणि त्याची परीक्षाही घेतात, असं मी वाचलं होतं. आमच्याकडे मुलांना पुस्तकांच्या कपाटापर्यंत जायलासुद्धा बंदी होती. खिडकीतून चिठ्ठी सरकवायची आणि आतून येईल ते घ्यायचं. मी ठरवलं, जिल्ह्यात हे काम पहिल्यांदा आपण करायचं. दुसऱ्या वर्षाच्या कलाशाखेची पोरं घेतली, त्यांना कपाटांच्या मधून फिरवलं, सूची बघायला शिकवलं, एकुलत्या एका कॉम्प्युटरवर इंटरनेट दाखवलं. आणि रोज एकच पालुपद लावलं, की काहीही वाचलं तरी आधी विचारायचं: हे कोण म्हणतंय, कधी म्हणतंय आणि कशावरून म्हणतंय. पोरं रमली. रुबिना आतार नावाची एक मुलगी तर घंटा झाली तरी उठायची नाही. तिला प्रत्येक गोष्टीचं ‘कशावरून’ हवं असायचं, आणि अर्ध्या वेळा ते माझ्याकडेही नसायचं.

परीक्षाही मीच काढली होती, एका परदेशी परीक्षेचा नमुना समोर ठेवून. प्रश्न असे असायचे: ‘एका पुस्तकात जिल्ह्याची लोकसंख्या दिली आहे. ती बरोबर आहे का?’ किंवा ‘शेजारच्या काकूंनी एका औषधाचा गुण सांगितला. तो खरा मानाल का?’ खाली तीन पर्याय: हो, नाही, सांगता येत नाही. माझ्या उत्तरपत्रिकेत पुस्तकातलं असेल तर ‘हो’ आणि काकूंचं असेल तर ‘नाही’. तिसरा पर्याय मूळ परदेशी परीक्षेत होता म्हणून ठेवला होता. त्याला शून्य. मी ज्या परीक्षा देत वर आलो, त्यांत न येणाऱ्याला शून्यच मिळायचं.

पहिल्या वेळी पोरांनी धडाधड खुणा केल्या होत्या. दुसऱ्या वेळी मात्र पानापानावर ‘सांगता येत नाही’चं पीक आलं, आणि माझा केशरी खांब बसला.

एरवी हे मी आणि प्राचार्यांनी मिळून पोटात घातलं असतं. पण महिन्याभरात विद्यापीठाची समिती कॉलेज तपासायला येणार होती. संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून सांगितलं होतं, “समितीनं ग्रंथालयाबद्दल चांगलं लिहिलं तर तुमची ऑर्डर कायमची करू.” आणि त्या ऑर्डरवर माझं लग्न अडकलं होतं, असं मी धरून चाललो होतो.

लोणंदच्या रणवरे अण्णांच्या वर्षाराणीशी माझा साखरपुडा होऊन गेला होता. अण्णा शिक्षण खात्यातून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म शाळा तपासण्यात गेला होता. मी घरी गेलो की ते विचारायचे, “ऑर्डरचं काय झालं?” मी म्हणायचो, “या वर्षी नक्की, अण्णा.” ते “बरं” म्हणायचे आणि पेपर उघडायचे. मुहूर्ताचा विषय निघायचा नाही. वर्षाराणी लोणंदलाच शाळेवर शिक्षिका होती. बाहेर सोडायला आली की ती म्हणायची, “एवढं नक्की कुठनं आणता हो तुम्ही?” मला वाटायचं, कौतुक करतेय.

तर असा तो बुटका खांब.

“अजून वेळ आहे,” प्राचार्य म्हणाले. “पुन्हा परीक्षा घ्या. पण त्याआधी पोरांची जरा तयारी करून घ्या. आत्मविश्वास गेलाय त्यांचा.”

मला ते पटलं. इतकं पटलं की मी दुसऱ्याच दिवशी पोरांना गोळा केलं आणि आठवडाभर त्यांचा गेलेला आत्मविश्वास परत आणायच्या मागे लागलो.

“‘सांगता येत नाही’ला हात लावायचा नाही,” मी सांगितलं. “हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पण ठाम म्हणा.”

अमोल ठोंबरे म्हणून एक उंच मुलगा मागच्या बाकावरून उठला. “पन सर, तुमीच म्हनला हुता, आधी बघायचं आन मग बोलायचं.”

“ते एरवी. परीक्षेत आधी बोलायचं.”

“आन बघायचं कवा?”

“बस खाली.”

पोरं गुणी होती. आधीचं शिकायला त्यांना सहा आठवडे लागले होते, हे चार दिवसांत जमलं. पुस्तकातलं ‘हो’, ऐकीव ‘नाही’, असं त्यांनी तालावर पाठ केलं. तिसऱ्या परीक्षेत एकाही कागदावर ‘सांगता येत नाही’ दिसलं नाही. नवा केशरी खांब असा काही वाढला की शीर्षकाला जागा उरेना, ते मला बाजूला उभं लिहावं लागलं. दुसऱ्या परीक्षेचे कागद मी टेबलाच्या खालच्या खणात सारले आणि तक्त्यावर पहिली आणि तिसरी एवढ्याच लावल्या. प्राचार्यांनी पाठीवर थाप मारली. मी लोणंदला फोन करून अण्णांना सांगितलं, “आता तर अगदीच नक्की.”

“बरं,” अण्णा म्हणाले.

समितीतर्फे ग्रंथालय बघायला केळुसकर मॅडम आल्या. कोकणातल्या कुठल्याशा कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या, बारीक, पांढरं कापडी बूट घालणाऱ्या बाई. बाकीचे सदस्य प्रयोगशाळेकडे गेले. प्राचार्यांनी स्वागताचं छोटं भाषण केलं. ते मी लिहून दिलं होतं. त्यात ‘हे तालुक्यातलं मोठं ग्रंथालय आहे’ असं वाक्य होतं. ‘मोठं’च्या आधी ‘सर्वांत’ हा शब्द सरांनी वाचताना स्वतःहून घातला.

मॅडमनी तक्ता बघितला, “छान वाढ आहे” म्हणाल्या, आणि मी हळूच श्वास सोडला. मग मी मुद्दाम बसवून ठेवलेल्या पोरांसमोर त्या खुर्ची ओढून बसल्या.

“मघाशी प्राचार्य म्हणाले, हे तालुक्यातलं सर्वांत मोठं ग्रंथालय आहे. खरं आहे का ते?”

“हो, मॅडम,” सगळी पोरं एका सुरात म्हणाली. मला धन्य वाटलं.

“कशावरून?”

सूर तुटला. पोरं माझ्याकडे बघायला लागली. शेवटी अमोल म्हणाला, “भाषनात हुतं.”

“सर, तुम्ही सांगा,” मॅडम माझ्याकडे वळल्या. “आहे का?”

“हो, मॅडम. नक्की,” मी म्हणालो. प्राचार्य शेजारी उभे होते, दुसरं काय म्हणणार.

तेवढ्यात मागून रुबिनाचा हात वर गेला. मी मानेनेच तिला नको म्हणून खुणावलं. ती तक्त्याकडे बघत असल्यामुळे तिला ते दिसलं नाही, किंवा दिसूनही तिने मानलं नाही.

“मला सांगता येत नाही, मॅडम,” ती म्हणाली. “दुसऱ्या वाचनालयांत किती पुस्तकं हायेत ते बघाय पायजे. आनि मोठं म्हंजे पुस्तकांनी का जागेनी, ते भाषनात नव्हतं.”

प्राचार्य खाकरले. मॅडमनी खुर्ची थोडी पुढे सरकवली.

“नाव काय तुझं? परीक्षेत किती मार्क पडले?”

“रुबिना आतार. पयल्या परीक्षेत लई पडलेले. दुसरीत निम्मे झाले. तिसरीला मी नव्हते, मॅडम, मामाच्या गावाला लगीन हुतं. सरांनी त्या आठवड्यात काय शिकवलं ते माझं राहिलंच.”

“तिसरी?” मॅडमनी तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “इथं तर दोनच दिसतायत.”

माझ्या छोट्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो, मॅडम, प्राचार्य आणि मी. खालचा खण उघडून मी तो गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. ऑर्डर गेली हे मला कळून चुकलं होतं, आता फक्त समितीपुढे किती शोभा व्हायची ते बघायचं होतं.

मॅडम सावकाश एकेक कागद बघत होत्या. मध्येच थांबल्या. “‘पुस्तक कुठल्या सालचं आहे ते दिलेलं नाही.’ हे कोणी लिहिलंय?”

“पोरांनी, मॅडम. समासात काहीबाही लिहायची सवय असते.”

“‘काकूंनी स्वतः घेतलं का ते विचारावं लागेल.’ याला तुम्ही शून्य दिलंय.”

“उत्तर ‘नाही’ होतं.”

“कशावरून?”

सहा आठवडे रोज मीच हा शब्द पोरांच्या डोक्यात घातला होता, आणि तो माझ्यावर कोणी टाकेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

“आणि हे लोकसंख्येचं,” मॅडमनी पुढचा कागद धरला. “पुस्तकात दिली आहे, बरोबर आहे का? तुम्हीच सांगा. आहे?”

“छापील पुस्तकात आहे, म्हणजे...” मी सुरुवात केली आणि स्वतःलाच ऐकू आलं. पुस्तक कुठलं, कधीचं, कोणाचं, यातलं काहीच मी प्रश्नात दिलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या परीक्षेला ‘सांगता येत नाही’ हेच उत्तर बरोबर होतं. एखाददुसरा प्रश्न सोडला तर सगळीकडे.

मॅडमनी गठ्ठा टेबलावर नीट जुळवून ठेवला. त्या रागावल्या नव्हत्या, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

“भोईटे सर, मुलानं पुस्तक हातात घ्यावं आणि ‘थांबा, बघून सांगतो’ म्हणावं, यासाठी मी उभी नोकरी घातली. दहातला एखादा म्हणायचा. तुमच्या अख्ख्या वर्गानं ते लिहून दिलंय. आणि तुम्ही त्याला शून्य मार्क देऊन, वर आठवडाभर मेहनत करून ते त्यांच्याकडून काढून घेतलंत.”

मला रडू यायचंच बाकी होतं. आयुष्यात एकदा काहीतरी नीट शिकवलं होतं, आणि ते खणात दडवून पोपटपंची भिंतीवर लावली होती.

प्राचार्य पुढे झुकले. “मॅडम, पोरांचं कौतुकच आहे. पण अहवालात तेवढा तिसरा निकाल घेतला तर बरं. आमचे सचिव शेवटी आकडा बघतात. घट दिसली तर यांच्या ऑर्डरचंही...”

“ते ग्रंथपाल ठरवतील,” मॅडम म्हणाल्या. “परीक्षा त्यांची आहे. बोला सर, कुठला निकाल धरू?”

‘तिसरा’ हा शब्द माझ्या तोंडात तयार होता, हे मी आज कबूल करतो. डोळ्यांसमोर लोणंद होतं. पण दार ढकलून रुबिना आत डोकावली.

“सर, नगरवाचनालयात जाऊन येऊ का? त्यांच्याकडं किती पुस्तकं हायेत ते इचारते. आत्ताच गेलं तर मॅडम जायच्या आत कळंल.”

तिच्यामागे अमोल आणि आणखी चारपाच पोरं चपला घालून तयार उभी होती. चार दिवसांत मी बसवलेलं सगळं एका ‘कशावरून’नं उतरलेलं दिसत होतं.

“जा,” मी म्हणालो. आणि मॅडमना म्हणालो, “दुसरा धरा.”

त्यात धाडस वगैरे नव्हतं. त्या पोरांच्या देखत तिसरा म्हणवेना, एवढंच. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला.

पोरं धापा टाकत परत आली तेव्हा मॅडम गाडीत बसत होत्या. नगरवाचनालयाची पुस्तकं आमच्या दुपटीनं निघाली. रुबिनानं ते प्राचार्यांच्या समोरच सांगितलं आणि वर, “पन जागा आपली मोठी हाय, सर,” असं त्यांचं सांत्वनही केलं.

मॅडमनी अहवालात आमच्या वर्गाबद्दल अर्धं पान मनापासून लिहिलं. सचिवांनी ते वाचलं नाही. त्यांनी खालचा आकडा वाचला. “भोईटे, तुमच्या शिकवण्यानं पोरांचं ज्ञान निम्मं झालं म्हणे,” ते म्हणाले आणि जूनमध्ये मला पुन्हा एक वर्षाची ऑर्डर मिळाली.

ती खिशात घालून मी त्याच रविवारी लोणंदची एसटी पकडली. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर माझ्या तोंडून पुन्हा ‘नक्की’ निघेल अशी मला भीती होती.

अण्णा पडवीत शेंगा सोलत बसले होते. वर्षाराणी चहा ठेवून दाराला टेकून उभी राहिली.

“काय झालं ऑर्डरचं?” अण्णांनी विचारलं.

“नाही झाली, अण्णा. एका वर्षाचीच मिळाली.”

“पुढच्या वर्षी?”

इथे मी नेहमी काय म्हणायचो ते तिघांनाही माहीत होतं. मी चहाचा कप खाली ठेवला.

“सांगता येत नाही,” मी म्हणालो. “संस्थेत कोणी धड बोलत नाही. होईलही, होणारही नाही. आजवर मी नक्की म्हणत आलो त्याला काही आधार नव्हता. तुम्हाला थांबायचं नसेल तर माझी काही तक्रार नाही.”

वर्षाराणीकडे बघायचं धैर्य झालं नाही.

अण्णांनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली.

“तुमच्या संस्थेत तात्पुरता माणूस पाच-सात वर्षांच्या आत कायम होत नाही,” ते म्हणाले. “मी चौकशी केली होती.”

“कधी?”

“साखरपुड्याच्या आधी. तुमच्या खलाट्यांना विचारलं. ते म्हणाले, लवकरच होईल. मग तिथून सोडून गेलेल्या दोघांना गाठून विचारलं. त्यांनी खरं काय ते सांगितलं.”

“मग माहीत असून दर वेळी मला का विचारत होता?”

“ऑर्डर नसेल तर मुलगी देणार नाही, असं मी कधी म्हणालो होतो?”

मी आठवून बघितलं. ते कधीच तसं म्हणाले नव्हते. ते फक्त विचारायचे आणि बरं म्हणायचे. बाकी सगळं मी धरून चाललो होतो.

“मुलगी तात्पुरत्या माणसाला देता येते,” अण्णा म्हणाले. “हिचीही नोकरी आहे. पण ज्याला माहीत नसतं आणि तरी जो नक्की म्हणतो, त्याला द्यायची म्हणजे मला घोर होता. म्हटलं, कधीतरी खरं बोलतात का बघू.”

“मी सांगणार होते तुम्हाला,” वर्षाराणी दारातून म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. “पण अण्णा म्हणाले, परीक्षा चालू असताना बाहेरून खुणा करायच्या नाहीत.”

दोन वर्षं मी पडवीत बसून परीक्षा देत होतो आणि दर वेळी नापास होत होतो. आपण पेपर काढणारे, अशी माझी समजूत होती.

“मग मुहूर्त?” मी विचारलं.

“बघू,” अण्णा उठले आणि सदऱ्यावरची टरफलं झटकत त्यांनी चष्मा शोधला. “घरात एकच पंचांग आहे. शेजारून दुसरं घेऊन येतो, दोन्हीत जुळलं तर सांगतो.”